वाघ्या घेवड्याला जामीन

राखेच्या मडक्यातला वाघ्या घेवडा तीन तास उकळत्या पाण्यात बसला आणि शिजायला नाही म्हणाला. ही हकीकत रंगराव भोईट्यांना कुणाला सांगायची नव्हती. पण गावाला कामधंदा नाही, जो तो ओट्यावर येऊन तेच विचारतो. म्हणून एकदाच सांगितली.

त्यांची बायको कोंडाबाई तापातून उठली होती, पण नऊ दिवस अन्नाला शिवली नव्हती. दहाव्या दिवशी म्हणाली, "वाघ्याची आमटी असली तर खाईन दोन घास." खायचा घेवडा तर संपलेला. रंगरावांनी जन्मात चुलीकडं पाहिलेलं नाही. फळीवरचं मडकं काढलं, राख झटकली, दाणे धुतले आणि दिले पातेल्यात ओतून.

"आम्ही बियाणं आहोत," पातेल्यातून आवाज आला. "खायचे वेगळे, पेरायचे वेगळे. एवढंही कळत नाही?"

"कळतंय की. पर घरात माणूस उपाशी हाय."

"कोण?"

"जिनं तुमास्नी राख चोळली, ती."

पातेल्यात बराच वेळ कुजबुज चालली. मग निर्णय आला. निम्मे शिजतील, निम्मे पावसाळ्यात पेरायचे. मात्र पेरणीला जामीन हवा, आणि घरधन्याचा चालणार नाही.

कोंडाबाईचा भाऊ दिनकर चुलीशी बिडी ओढत बसला होता. रंगराव म्हणाले, "ऱ्हा की रं जामीन. तुझीच भैन हाय."

"घेवड्याला जामीन? दाजी, लोक तोंडात शेण घालतील माझ्या," म्हणत तो उठून बाहेर गेला.

तेवढ्यात आतून, खाटेवरून कोंडाबाई बोलली, "मी हाय जामीन. चाळीस वर्सं मीच पेरतीया त्यास्नी."

"बाईंचा चालेल," पातेलं म्हणालं.

निम्मे दाणे आपणहून वर आले, कोरडे ठणठणीत. रंगरावांनी ते झाऱ्यानं काढून पुन्हा राखेत ठेवले. उरलेले एका कढात मऊ झाले. लसणाची फोडणी, शेंगदाण्याचा कूट, बास. कोंडाबाईनं दोन वाट्या खाल्ल्या आणि वर भाकरी मागितली. देवळातही हात न जोडणाऱ्या रंगरावांनी रिकाम्या पातेल्याला हात जोडले.

पावसाळ्यात राखेतले सगळे दाणे पेरले. एकही फुकट गेला नाही. अशी भली जात पुन्हा मिळायची नाही.

त्या दिवशी वाढायची वेळ झाल्यावर एकजण बाहेरून आत आला, सगळ्यांच्या आधी पाटावर बसला आणि तीन वाट्या ओरपून गेला. घेवड्याची माफी मागायचा राहिलाय तो तेवढा. दिनकर शेलार.