मास्तरांनी तुफानला शांत केलं, त्याची हकीकत

“भर चौकात ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या माणसांना मी शांत करतो, तिथे या कुत्र्याची काय कथा!” असं मास्तर छाती फुगवून म्हणाले, आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली एक जादा ब्रेक ठेवायचा आणि जीव मुठीत धरून हसतमुख राहायचं, हा त्यांचा धंदा. त्यात त्यांनी स्वतःचं एक शास्त्र बनवलं होतं. शिकणारा घाबरला, गाडी आचके देत बंद पडली, मागचे हॉर्न कोकलायला लागले, की मास्तर चकार शब्द न काढता खिडकीबाहेर बघत बसायचे. आपण लक्ष दिलं की माणूस जास्तच बिथरतो, लक्षच दिलं नाही की थकून आपोआप ताळ्यावर येतो! माणसांना हे लागू पडायचं, हे खरं. कुत्र्यांना पडतं का, हे मात्र त्यांनी कुणालाच विचारलं नाही.

कुत्र्याचं नाव तुफान. नाव ठेवतानाच जरा जपून ठेवायला हवं होतं. दारावरची बेल वाजली की त्याच्या अंगात यायचं. चपला एकीकडे, छत्र्या दुसरीकडे, आणि हा सुसाट दाराकडे! आलेल्याच्या छातीवर पुढचे दोन्ही पाय ठेवून तो त्याचं तोंड हनुवटीपासून कपाळापर्यंत चाटून काढायचा. राग नाही, द्वेष नाही, निव्वळ माया. पण त्या मायेपायी विम्याचा एजंट दोनदा जिन्यात बसला होता.

“मायाळू आहे हो!” मास्तर खाली पडलेल्याला वरून सांगायचे.

हे असंच चाललं असतं. पण मास्तरांचे सासरे राहायला यायचे ठरले, आणि बायकोने निर्वाणीचं बोलून टाकलं.

“मास्तर, बाबांचा गुडघा नवा बसवलाय. तुफानने एक उडी मारली आणि ते पडले, तर ते पुन्हा या घरात पाऊल टाकायचे नाहीत. आणि मी तुम्हाला आयुष्यभर माफ करायची नाही.”

बायको नवऱ्याला ‘मास्तर’ म्हणायची, त्याला कारण होतं. ती त्यांच्याकडेच गाडी शिकली होती. सासऱ्यांनी स्वतः तिला शिकायला घातलं होतं. “मुलीला गाडी शिकायला पाठवली, तर तिने मास्तरच घरी आणला!” असं ते ज्याला त्याला सांगत. लग्नाला आले, मुकाट्याने जेवले, गेले. तेव्हापासून ते जावयाशी एक अक्षरही थेट बोलले नव्हते. फोनवर “तुझ्या नवऱ्याला विचार, बरा आहे का,” एवढंच. मास्तर शेजारीच बसलेले असायचे. “बरा आहे म्हणावं,” असं ते बायकोला सांगायचे, आणि ती ते बापाला सांगायची. आता ते सासरे आपण होऊन चार दिवस येत होते. मास्तरांना दुसरं काही नको होतं. त्यांनी एकदा तोंडावर ‘काय हो, कसे आहात?’ म्हणावं, बस्स!

तेव्हा मास्तरांनी शास्त्र बाहेर काढलं.

“खिडकी नसली तर भिंत,” ते म्हणाले. “बेल वाजली, की घरातल्या प्रत्येकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आत येणाऱ्यानेही तेच करायचं. त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. चारही पाय जमिनीवर टेकले, शांत बसला, की मगच वळायचं.”

“आणि येणाऱ्याला हे कोण सांगणार?”

“मी आहे ना!”

पहिल्याच दिवशी पार्सलवाला आला. “आत या आणि भिंतीकडे तोंड करा!” असा खणखणीत हुकूम ऐकून त्या बिचाऱ्याने पार्सल खाली ठेवलं, दोन्ही हात वर केले आणि “साहेब, मला लहान पोरं आहेत,” म्हणून रडकुंडीला आला. त्याला पाणी पाजून, समजूत घालून वाटेला लावावं लागलं. त्यानंतर तो पार्सल खालच्या खालीच ठेवून पळायला लागला.

पण शास्त्र लागू पडायला लागलं होतं, हेही खोटं नव्हे! समोरच्या काकूंना मास्तरांनी बेल वाजवायच्या कामाला लावलं. काकू हौशी. त्या दिवसातून पाच-सहा वेळा यायच्या, बेल दाबायच्या, लोटलेलं दार ढकलून आत यायच्या आणि शिक्षा झालेल्या मुलीसारख्या कोपऱ्यात उभ्या राहायच्या. तुफान आधी प्रत्येकाच्या पाठीवर उड्या मारायचा. मग एकेका पाठीकडे बघत बसायचा. त्याला वाटत असेल, आपलं असं काय चुकलं! बायकोला ते बघवत नसे. मास्तरांना मात्र यश दिसत होतं, आणि यश दिसायला लागलं की त्यांना दुसरं काही दिसत नसे.

सासरे यायचा दिवस उजाडला. ते संध्याकाळच्या बसने येणार, मास्तर त्यांना आणायला गाडी घेऊन जाणार, असं ठरलं होतं. भिंतीचं काय ते वाटेत सांगता येईल, म्हणून त्यांना कुणीच काही सांगितलं नाही. बायकोला वाटलं मास्तर सांगतील. पण सासरे जावयाशी बोलत नाहीत, तर जावई त्यांना भिंतीबद्दल सांगणार तरी कसा, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही!

दुपारी मास्तर म्हणाले, “काकू, एक शेवटची रंगीत तालीम होऊन जाऊ दे.” काकू बेल वाजवायला म्हणून बाहेर गेल्या. तेवढ्यात त्यांच्या घरात दूध उतू गेल्याचा वास आला आणि त्या तिकडे धावल्या.

इकडे बेल वाजली. मास्तर आणि बायको झटकन भिंतीकडे वळले. दार ढकललं गेलं.

दारात सासरे उभे होते. मुलीला चकित करायचं म्हणून ते आधीच्या बसने निघाले होते आणि नव्या गुडघ्याने, काठी टेकत, जिना चढून वर आले होते. समोर पाहतात तो मुलगी आणि जावई, दोघंही पाठ करून उभे!

“वळायचं नाही!” मास्तर भिंतीला सांगत होते. “तो आलाय, मला कळतंय. पण आपण त्याला ओळखतच नाही, असं समजायचं.”

“मला वाईट वाटतं हो,” बायको म्हणाली. “किती आशेने येतो बिचारा.”

“येऊ दे! लाड केले की हा डोक्यावर बसतो. या वयात त्याला वळण लावायचं म्हणजे मन घट्ट करायला हवं. लक्ष देऊ नकोस. थकला की बसेल दारातच.”

म्हातारा माणूस काय समजायचं ते समजला.

आणि तुफान? तो सुटला खरा, पण अर्ध्या वाटेत थांबला. कितीतरी दिवसांनी घरात एक माणूस पाठ न फिरवता उभा होता! तो हळूच पुढे गेला, सासऱ्यांच्या पायाशी बसला आणि त्यांच्या बुटावर हनुवटी टेकवून गप्प राहिला.

“आवाज बंद!” मास्तर हर्षाने ओरडले. “झाला शांत! मी म्हटलं नव्हतं? आता वळ!”

दोघं वळली. दार सताड उघडं होतं. उंबऱ्यात एक पिशवी होती. बायकोने ती ओळखली आणि तिचा चेहराच उतरला. जिन्यात काठीचा आवाज खाली खाली चालला होता, आणि त्याच्या जोडीला चार पायांचा.

मास्तर अनवाणी धावले, मागोमाग बायको. सासरे कोपऱ्यावरच्या बसथांब्याच्या बाकावर बसले होते. शेजारी तुफान, एखाद्या संतासारखा.

“बाबा, ते सगळं कुत्र्याला होतं!” बायको धापा टाकत म्हणाली.

“कुत्र्यासाठी कुणी भिंतीकडे तोंड करतं?”

“तो अंगावर उड्या मारतो हो! आलेल्या माणसाला लोळवतो!”

सासऱ्यांनी तुफानकडे पाहिलं. तुफानने सावकाश डोळे मिटले.

“हा?”

आता मास्तरांना दरदरून घाम फुटला. “तुफान, ऊठ! उडी मार!” ते ओरडले. “बेटा, एकच मार! रोज मारतोस ना? विम्याच्या एजंटाला मारली होतीस ना?” तुफानने जांभई दिली. मग मास्तर स्वतःच हात पुढे करून, जीभ बाहेर काढून, भर फुटपाथवर उड्या मारून दाखवायला लागले. “हे असं! हे असं करतो तो!” सिग्नलला थांबलेल्या गाडीतून त्यांच्याच एका शिकाऊ विद्यार्थिनीने हे पाहिलं आणि तिची गाडी बंद पडली.

शेवटी काकू आल्या आणि शपथेवर सगळं सांगितलं, तेव्हा सासरे घरी यायला तयार झाले. पण मनातलं गेलं नाही. ते पूर्वी मुलीमार्फत बोलत, आता तुफानमार्फत बोलायला लागले. “तुफान, यांना सांग, पंखा कमी करा.” बायकोही रागावलेली. तिनेही तोच मार्ग धरला. “तुफान, मास्तरांना सांग, चहा निवतोय.” तुफान मास्तरांकडे नुसता बघायचा. चार दिवसांत तो एकदाही उडाला नाही. मास्तरांना इतकं ओशाळं वाटायचं की घराची बेल दुरुस्त करायच्या निमित्ताने त्यांनी ती काढूनच ठेवली. बोललेलं मात्र काढून ठेवता येत नाही. आपण जे बोललो ते एका म्हाताऱ्या माणसाने दारात उभं राहून ऐकलं, ही टोचणी त्यांना जेवताना लागायची, अंथरुणावर लागायची, शिकवताना तर फारच लागायची.

पाचव्या दिवशी मास्तर सासऱ्यांना बसस्टँडवर सोडायला निघाले. मागच्या सीटवर तुफान. गाडी सुरू होणार, तोच सासरे समोर काचेकडे बघत म्हणाले,

“त्या दिवशी तुम्ही बोलत होता ते कुत्र्याबद्दल आहे, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. का, ठाऊक आहे? लक्ष द्यायचं नाही, थकला की बसेल दारातच, असं मीच ठरवलं होतं. तुमच्या बाबतीत. इतकी वर्षं.”

तुम्ही! तोंडावर! थेट! ‘चुकलो’ म्हणावं, ‘बाबा’ म्हणावं, त्यांचा हात हातात घ्यावा, असं एकदम सगळं मास्तरांच्या ओठांवर आलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि आयुष्यभराच्या धंद्याने जे शिकवलं होतं तेच त्यातून बाहेर पडलं.

“बेल्ट लावून घ्या.”

सासऱ्यांनी मान मागे वळवली.

“तुफान,” ते म्हणाले, “यांना सांग, मघाच लावलाय.”