तारनाक्याचे पाकसाहेब

पाकसाहेब कुणालाही भेटले की आधी त्याचं वय विचारत. नाव नंतर, कामधंदा त्याच्याही नंतर.

हैदराबादेतल्या आमच्या तारनाक्याच्या घराचा वरचा मजला बघायला ते पहिल्यांदा आले, तेव्हा दलालाने ओळख करून दिली, "ये कोरिया से आए सो साब हैं." मी नमस्कार केला. ते कमरेत वाकले, सरळ झाले आणि माझ्याकडे बारकाईने बघत म्हणाले, "आपकी उमर?"

मला वाटलं, भाडेकरूला मालकाच्या तब्येतीची काळजी असेल. मी वय सांगितलं. ते तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले. मी त्यांच्याहून आठ-नऊ महिन्यांनी मोठा निघालो. लगेच पंख्याखालच्या खुर्चीवरून उठून ते दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. काही केल्या परत खुर्चीवर येईनात. चहाचा ट्रे घेऊन माझी बायको सुनंदा बाहेर आली, तर तिलाही तोच प्रश्न. सुनंदाने ट्रे टीपॉयवर ठेवला आणि "साखर आणते" म्हणून आत गेली. साखर ट्रेमध्येच होती.

यामागची गोम मला फार नंतर कळली. त्यांच्या भाषेत म्हणे समोरचा मोठा की धाकटा यावर क्रियापद बदलतं. आपल्याकडे तू, तुम्ही आणि फार तर आपण, एवढ्यात भागतं. त्यांच्याकडे याच्या बऱ्याच पायऱ्या. वय कळल्याशिवाय बिचाऱ्याला वाक्य सुरू करता येई, पण संपवता येत नसे.

बाहेरच्या कंपन्यांना आपल्याकडे दारं नुकतीच उघडली होती. गच्च्यागच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबत होत्या आणि शहराबाहेर माळरानावर पत्र्याचे लांबलचक कारखाने उठत होते. टीव्हीचे सुटे भाग करणाऱ्या अशाच एका कारखान्यात यंत्रं बसवायला पाकसाहेब आले होते. बायको आणि मुलगी तिकडेच होत्या.

त्यांचं आडनाव ऐकून आई म्हणाली होती, "पाक? एकतारी की दोनतारी?" आणि मी वयाने मोठा ठरल्यामुळे ते मला 'ह्योंगनिम' म्हणत, म्हणजे थोरले बंधू. आईला आधीच कमी ऐकू येई. तिने चार दिवस ऐकून घेतलं आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, "तो तुला हिंग का म्हणतो रे?" तेव्हापासून आमच्या घरात वर पाक आणि खाली हिंग राहतो, हा सुनंदाचा ठरलेला विनोद झाला.

आईचं वय मात्र पाकसाहेबांना सहजी कळेना. ते आईलाच ठाऊक नव्हतं. "पोलिस ॲक्शनच्या वेळी मला दोन लेकरं होती," एवढंच ती सांगू शके. ते साल अठ्ठेचाळीसचं, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि ताडकन उठून उभे राहिले. त्या दिवसानंतर आई खोलीत असली की ते कधी खुर्चीवर बसले नाहीत. सरळ फरशीवर गुडघे मुडपून बसत. आईला वाटे, यांना मूळव्याध असावी.

हिंदी ते कंपनीच्या ड्रायव्हरकडून, जहांगीरकडून शिकले. त्यामुळे ती हिंदी कुठल्याच पुस्तकात नव्हती. हौ, नक्को, कैकू हे त्यांच्या तोंडी आठवड्याभरात बसलं. पण घाई झाली की त्यांची स्वतःची भाषा बाहेर पडे. तिकडे 'लवकर लवकर' याला 'पल्ली पल्ली' म्हणतात, आणि आमच्या हैदराबादेत पल्ली म्हणजे भुईमुगाचे दाणे.

एकदा त्यांची पाण्याची मोटर बिघडली. यादगिरी प्लंबर आला, मोटर उघडून भोवती सगळे स्क्रू मांडून बसला. पाकसाहेबांना कारखान्यात जायचं होतं. ते येरझाऱ्या घालत म्हणू लागले, "पल्ली पल्ली!" यादगिरीने वर बघितलं. "हौ साब," म्हणाला आणि पाना ठेवून निघून गेला. बऱ्याच वेळाने आला तो नाक्यावरच्या बंडीवरून गरम दाण्यांची पुडी घेऊन. पाकसाहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, वाकले, आणि हताशपणे जिन्यात बसून दाणे खाल्ले. मोटर संध्याकाळी दुरुस्त झाली. पुढे यादगिरी कधीही आला की त्यांच्यासाठी न विसरता पुडी आणत असे. "साब को पल्ली बहुत पसंद है," असं त्याने सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं.

दोन्ही हातांनी देणं-घेणं ही त्यांची आणखी एक खोड. रिक्षावाल्याला पैसेसुद्धा ते दोन्ही हातांनी, मान लववून देत. हैदराबादच्या रिक्षावाल्याला एवढी अदब कोण दाखवतो? तोही मग सलाम करी. सलाम केला म्हणून पाकसाहेब पुन्हा वाकत. ते वाकले म्हणून तो पुन्हा सलाम करी. मागे बसवाला हॉर्न वाजवून थके.

गुढीपाडव्याला सुनंदाने त्यांना जेवायला बोलावलं. पुरणपोळ्या, कटाची आमटी, सगळा थाट. पाकसाहेब पाटावर बसले, मी बसलो. सुनंदाने वाढलं, आईने पोळीवर तूप सोडलं. पाकसाहेब मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

"घ्या ना, सुरू करा," आई म्हणाली.

ते हसले, पण हात काही हलला नाही.

"तिखट असेल असं वाटत असेल," म्हणत सुनंदाने दह्याची वाटी आणली. मग चमचा आणला. मग कुठून तरी काटा शोधून आणला. पोळी निवली, तूप गोठायला लागलं. पाकसाहेब आईकडे बघत होते आणि आई त्यांच्याकडे. शेवटी ते मला हळूच म्हणाले, "ह्योंगनिम, माँ बैठेगी नहीं तो मैं कैसा खाऊँ?" सगळ्यात मोठ्या माणसाने पहिला घास घ्यायचा आणि मगच बाकीच्यांनी ताटाला हात लावायचा, ही त्यांची रीत.

मी आईला सांगितलं. ती दोन पावलं मागे सरकली. "मी? पाहुण्याच्या आधी? वेड लागलंय का तुला?"

आणि तेही खरंच होतं. या घरात सून म्हणून आल्यापासून आई सगळ्यांच्या मागून जेवत आलेली. आधी सासरे, दीर, मग नवरा, मग मुलं, मग नातवंडं. तिचं ताट कधी वाढलं जाई आणि त्यात काय असे, हे आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. सुनंदाने तिला दंडाला धरून पाटावर बसवलं. आईने खाली मान घालून पोळीचा एक तुकडा मोडला आणि चोरी करताना कुणी पकडल्यासारखा पटकन तोंडात टाकला. त्याबरोबर पाकसाहेबांनी जेवायला सुरुवात केली ती चार पोळ्या संपवूनच थांबले. मिटक्या असल्या जोरदार मारल्या की शेजारच्या रेड्डींनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

पुढे ते जेवायला येणार असले की आई सकाळपासून कुरकुर करी, "आज मला आधी बसावं लागणार वाटतं." पण त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसे.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना आमच्या मुलीचं, वैशालीचं, लग्न ठरलं आणि गडबड झाली.

पत्रिका छापून आल्या. पाकिटांवर सुनंदाने लाल शाईच्या पेनने एकेकाचं नाव घातलं, कोपऱ्यांना कुंकवाची बोटं लावली. गल्लीतली पहिली पत्रिका पाकसाहेबांना द्यायची, असं वैशालीचंच म्हणणं होतं. सुनंदा स्वतः वर जाऊन देऊन आली. खाली येऊन म्हणाली, "काय झालं कोण जाणे. नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला."

त्यानंतर पाकसाहेब खाली येईनात. जिन्यात गाठ पडली तर वाकत, पण नजर चुकवत. सुनंदाला वाटलं, आपण अक्षता न देता नुसतीच पत्रिका दिली, त्याचा राग आला. मला वाटलं, नावाचं स्पेलिंग चुकलं. मग एक दिवस जहांगीर मला फाटकापाशी थांबवून म्हणाला, "साब, पाकसाब दूसरा मकान देख रहे. क्या हुआ की पूछे तो बोलते नहीं."

मी तडक वर गेलो. पाकसाहेबांनी दार उघडलं, मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. टेबलावर ते पाकीट पालथं घालून ठेवलेलं होतं.

"ह्योंगनिम," ते म्हणाले, "मेरे से क्या गलती हुई? बोलना था ना. मैं माफी माँगता."

"कसली चूक?"

त्यांनी पाकीट सुलटं केलं आणि आपल्या नावाला बोट न लावता नुसतं दाखवलं. "हमारे पास लाल में मरे सो आदमी का नाम लिखते."

मी खाली धावलो आणि वाटायच्या राहिलेल्या पत्रिकांचा गठ्ठाच त्यांच्या टेबलावर आणून ओतला. माझे मामा, सुनंदाचे भाऊ, रेड्डी, कॉलेजातले माझे सहकारी, सगळे लाल. पाकसाहेब एकेक पाकीट उचलून बघत राहिले. मग विचारलं, "सब लोगाँ को?"

"सब लोगाँ को," मी म्हणालो. "हमारे पास लाल म्हणजे खुशी."

ते मटकन स्टुलावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

लग्नाला ते आले. अंगात काळा सूट, गळ्यात काळा टाय. त्यांच्याकडे मानाच्या कार्याला तोच पोशाख. मांडवात वरपक्षाच्या बायका त्या काळ्या कपड्यांकडे बघून कुजबुजल्या. सुनंदाने ओठ घट्ट मिटून घेतले आणि तिच्या भावाला खूण केली. भावाने पाकसाहेबांना गाठून डोक्याला केशरी फेटा बांधला. तो फेटा घालून ते शेवटपर्यंत दाराशी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकासमोर वाकले. निम्म्या पाहुण्यांना ते मुलीचे काका वाटले.

त्या वर्षीच्या थंडीत पाकसाहेब आठवडाभर दिसले नाहीत. कारखान्याच्या कामासाठी गेले असतील, असं आम्ही धरून चाललो. परत आले तेव्हा जहांगीर त्यांची बॅग वर चढवत होता. मी विचारलं, "गावी जाऊन आलात का? कसं आहे गाव?" ते म्हणाले, "बरफ." आणि वाकून वर गेले.

पुढे महिन्याभराने, एका रविवारी सकाळी, ते खाली आले. अंगात तोच काळा सूट. हातात स्टीलचा झाकलेला वाडगा. वाडग्यावरचं दुकानाचं लेबल अजून निघालेलं नव्हतं. ते आईसमोर फरशीवर बसले, वाडगा दोन्ही हातांनी तिच्या पुढे ठेवला आणि झाकण काढलं. आत गरम पाणी होतं आणि त्यात काळ्या-हिरव्या बुळबुळीत पट्ट्या तरंगत होत्या.

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. आई मांसमच्छी शिजणाऱ्या घरचं पाणीसुद्धा घेत नसे. शहरातल्या कोठी भागात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं तरी घरून फिरकीचा तांब्या घेऊन निघे.

पाकसाहेबांना ते ठाऊक असावं. "माँ, गोश्त नक्को, मछली नक्को," ते म्हणाले. "समंदर का पत्ता है. बेगम बाजार से नया पतीला लाया. नया चमचा. सब नया."

आई बराच वेळ त्या वाडग्याकडे बघत राहिली. मग तिने तो उचलला, दोन घोट घेतले आणि खाली ठेवला. "छान आहे," औषध घेतल्यानंतरच्या आवाजात ती म्हणाली.

पाकसाहेबांनी मान डोलावली.

"आज काय विशेष?" मी विचारलं.

"आज मेरा जनमदिन."

सुनंदा "अगं बाई!" म्हणत साखर आणायला आत वळली. पाकसाहेब वाडग्याकडे बघत थांबत थांबत बोलत होते. त्यांच्याकडे बाळंतिणीला महिनाभर हे सूप देतात. मग दर वर्षी मुलाच्या वाढदिवसाला घरात तेच करायचं, मुलाने ते प्यायचं आणि आईची आठवण ठेवायची. "मेरी माँ हर साल फोन करके पूछती थी, सूप पिया क्या." त्यांनी वाडग्याचं झाकण उचलून हातात घेतलं. "पिछले महीने माँ की मिट्टी थी."

दफनाला 'मिट्टी' म्हणणं हेही जहांगीरकडचंच. तो आठवडा ते कुठे होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. सुनंदा साखरेचा डबा हातात घेऊन दारातच उभी राहिली.

आईला समजावं म्हणून मी मराठीत सांगू लागलो. तिने हाताने मला गप्प केलं. सगळा जन्म हैदराबादेत गेलेला, तिला भाषांतराची गरज नव्हती.

"बाळंतिणीचं आहे होय हे," ती म्हणाली. "अळिवाच्या खिरीसारखं. मग आधी नाही का सांगायचं?"

तिने वाडगा पुन्हा उचलला. पाणी पिऊन संपवलं आणि तळाशी राहिलेल्या पट्ट्या चमच्याने घेऊन, होते तेवढ्या दातांनी, सावकाश चावून चावून खाल्ल्या. वाडगा रिकामा झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं.

"और है क्या बेटा?" तिने विचारलं.

"हौ, माँ," पाकसाहेब म्हणाले आणि वाडगा घेऊन धावतच जिना चढून गेले. खाली यायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.