आत्म्यांनी भरलेला खेळ

प्यो सेरिन हिचा पहिलावहिला चित्रपट सोलच्या एका छोट्या चित्रपटगृहात लागला आणि प्रत्येक खेळाची सगळी तिकिटं संपली. प्रेक्षक मात्र एकही आला नाही. यात कोणालाही काही वावगं वाटलं नाही.

पद्धतच तशी आहे. नव्या दिग्दर्शकाचा चित्रपट पडू नये म्हणून भली माणसं तिकीट काढतात, स्वतः येत नाहीत, फक्त आत्मा पाठवतात. शरीराला कामं असतात. अभिप्राय मात्र वेळेवर येतात. ‘रडून रडून डोळे सुजले, सवड मिळाली की नक्की बघेन,’ असं एका बाईंनी लिहिलं आणि शेकडो लोकांनी त्याला दुजोरा दिला.

सेरिनला शेकडो लोक नकोच होते. एकच माणूस हवा होता. आई गेल्यापासून अबोल वडिलांशी जे बोलता आलं नव्हतं, ते सगळं तिनं या चित्रपटात ओतलं होतं. वडील वांदो बेटावर समुद्री शेवाळ पिकवायचे. आज शेवटचा खेळ म्हणून ते लग्नातला कोट घालून, बस बदलत बदलत येऊन दारात उभे राहिले होते.

“बाबांना एक जागा द्या,” सेरिन म्हणाली.

व्यवस्थापक नामगुंग अदबीनं वाकले. “हाउसफुल्ल आहे, बाई.”

“आत चिटपाखरू नाहीये.”

“शरीरानं नाहीये. तिकिटं रीतसर गेलीत.”

“अहो, मी दिग्दर्शक आहे.”

“मग तुमच्याच प्रेक्षकांना मी कसं उठवू?”

वडिलांनी आत डोकावलं. “एखाद्या आत्म्याला जरा सरकून घ्यायला सांगा की, साहेब. मी काही जाडजूड नाही.”

“संबंधित देहाची संमती लागेल, आजोबा.”

नामगुंगांनी खरोखरच फोन लावले. एक देह मीटिंगमध्ये होता. दुसरा दुसऱ्याच नव्या दिग्दर्शकाकडे आत्मा पाठवण्यात गुंतला होता. उभ्यानं बघू म्हटलं, तर ते आगीच्या नियमात बसेना. तेवढ्यात वेळ झाली आणि रिवाजाप्रमाणे सेरिनला पडद्यासमोर जाऊन रिकाम्या खुर्च्यांपुढे कमरेत वाकावं लागलं. हा उदंड प्रतिसाद पाहून नामगुंगांनी चित्रपटाचा मुक्काम आठवडाभर वाढवला. सेरिननं वडिलांसाठी तिकीट काढायला फोन उघडेपर्यंत तोही आठवडा आत्म्यांनी भरून गेला.

बापलेक बाहेर पायऱ्यांवर बसले.

“काय आहे गं त्यात?” वडिलांनी विचारलं.

“तुम्ही आहात, बाबा. तुम्हाला एकटं टाकून आले, ते मला अजून खुपतं.”

“मग घरी येऊन सांगायचंस. घरी तिकीट लागत नाही.”

“या कामात सवडच मिळाली नाही. पण दर सणाला नाशपातीची पेटी पाठवत होते ना मी?”

“पोचायची. जेवताना तुझ्या जागेवर ठेवायचो ती.”

वाचकहो, हसू आवरा, आणि गेल्या दिवाळीला तुम्ही गावी काय पाठवलं होतंत, तेवढं आठवून पाहा.