शेपटीकडचं माणूस

कर्णिककाकांच्या दाराची बेल वाजवली की आतून "कोण?" असं येत नाही. "आज चिकन शिजवलंस का?" असं येतं. हो म्हटलं तर दार उघडत नाही. घरी जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, कपडे बदलायचे आणि मग परत यायचं. लंडनच्या कडेला आमच्या पिनरच्या गल्लीत रविवारी दुपारी या प्रश्नाला खरं उत्तर देणं किती अवघड आहे, ते तुम्हीच ठरवा.

चिकनचा प्रश्न सुमनसाठी असतो. सुमन म्हणजे काकांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेच्या पेटीत राहणारी बोआ जातीची अजगरीण. सोफ्याहून लांब आणि माझ्या मांडीएवढी जाड. आपल्या हाताला कोंबडीचा वास आला तर तिला तो हात वाटत नाही, जेवण वाटतं. यात तिची चूक नाही, असं काका म्हणतात. "समोरचा चुकीचा इंडिकेटर देतोय, तर मागच्याने काय करावं?"

काका आयुष्यभर ड्रायव्हिंग शिकवत होते. हॅरोमधल्या निम्म्या मराठी बायका त्यांच्या छोट्या लाल गाडीत रडून झालेल्या आहेत. आता गाडी नाही, पण शिकवणं सुटलेलं नाही. पेटीचं दार उघडण्याआधी ते डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, खांद्यावरून मागे बघतात आणि म्हणतात, "आरसा, इशारा, मग हालचाल." इशारा म्हणजे एका लांब आकडीने सुमनच्या अंगाला हलकेच स्पर्श करायचा. त्यावरून तिला कळतं की जेवण आलेलं नाही, माणसं आली आहेत. मगच हात आत.

सुमन त्यांच्याकडे आली तेव्हा बुटाच्या खोक्यात मावत होती. एका विद्यार्थ्याने "काका, दोन आठवडे सांभाळा" म्हणून ठेवली. तो पास झाला, लीड्सला गेला आणि सुमन वाढत राहिली.

एका नागपंचमीला वेम्बलीच्या एक बाई दूध आणि लाह्या घेऊन आल्या. काकांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि समजावलं, "अहो, साप दूध पीत नाहीत. शिवाय ही नाग नाही, दक्षिण अमेरिकेची आहे. फार तर कॅथलिक असेल." बाई हिरमुसल्या, तेव्हा त्यांना पेटीच्या काचेला हळद-कुंकू लावू दिलं. दूध चहात गेलं.

काकांच्या घरात एक नियम मात्र देवाच्याही वरचा. एवढा मोठा साप एकट्याने बाहेर काढायचा नाही, कितीही गरीब असला तरी. त्याने हाताला घट्ट विळखा घातला, तर सोडवायला दुसरं माणूस हवंच. "माझ्या गाडीला दोन ब्रेक होते," काका म्हणतात. "एक तुमचा, एक माझा. म्हणून तर तुम्ही सगळ्या जिवंत आहात."

हा दुसरा ब्रेक म्हणजे काकू. काका डोक्याकडे, काकू शेपटीकडे. काकूंना सुमन कधीच आवडली नाही. "मी शेपटीशीच लग्न केलंय," असं म्हणत त्या पदर खोचून उभ्या राहायच्या. काकू गेल्या आणि सुमन पेटीतच राहिली. काका काचेतून तिच्याशी बोलत, पण पेटी साफ करण्यापलीकडे दार उघडत नसत. तीही साफ करायची झाली की एखाद्या शेजाऱ्याला हाताला धरून आणत.

त्यांची मुलगी मृदुला बर्मिंगहॅमला नर्स आहे. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाबा, तुमचा हट्ट पुरे. ऑगस्टअखेरच्या सोमवारी, बँक हॉलिडेला मी येते. तोपर्यंत शिकलेला दुसरा माणूस नसेल, तर सुमन जाणार. इथे एकजण सापच सांभाळतो, त्याने हो म्हटलंय."

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दारात उभे. मी एका जीपी सर्जरीची, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्याची मॅनेजर आहे, घर समोरच आहे आणि माझा रविवार मोकळा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. "शेपटीकडे उभी राहशील? शिकवीन मी. टेस्ट होईल." मला सापांची भीती वाटते, पण ड्यूटीच्या तक्त्यातल्या रिकाम्या जागेची त्याहून जास्त वाटते. मी हो म्हटलं.

मग दर रविवारी धडा. सुमनने खाल्लं असेल तर दोन दिवस हात लावायचा नाही. डोळे दुधाळ झाले की ती कात टाकणार, तेव्हाही नाही. अंगाला दोन-तीन ठिकाणी आधार द्यायचा, लोंबकळू द्यायचं नाही. गळ्यात तर कधीच घालायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. विळखा बसला तर शेपटीकडून उलगडायचा. डोक्याकडून ओढलं की ती आणखी आवळते. मध्येच काका वर्तमानपत्र टेबलावर आपटत. तो इमर्जन्सी स्टॉप. मी पुतळा व्हायचं. सुमन तशीही पुतळाच असे.

धडा संपला की काका क्लिपबोर्ड घेऊन बसत. "नापास."

"काय चुकलं?"

"घड्याळ काढून ठेवलंस, ते बरोबर. पण मध्येच मनगटाकडे बघितलंस. मायनर चूक."

पुढच्या रविवारी मी मनगटाकडे बघितलं नाही. तर "सुमनला सॉरी म्हणालीस. रस्त्यात सॉरी म्हणायचं नसतं, कृती करायची असते." त्याच्या पुढच्या वेळी मी श्वास रोखला होता. त्यानंतर म्हणे सोडला तो फार मोठ्याने. मी प्रत्येक चूक फ्रिजवर लिहायची आणि सुधारली की खोडायची. यादी रिकामी झाली, तरी मी नापासच. नापास झाल्यावर चहा, काकांच्या हातचे पोहे आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी. उठेपर्यंत संध्याकाळ व्हायची.

बँक हॉलिडेला मृदुला आली. गाडीच्या डिकीत झाकणाला भोकं पाडलेलं मोठं खोकं होतं. "चला, दाखवा," ती म्हणाली आणि दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली.

आरसा, इशारा, हालचाल. सुमन बाहेर आली, काकांच्या दंडावर गेली आणि नेमकी तिथे आवळली. काकांची बोटं निळसर व्हायला लागली. ते माझ्याकडे बघत राहिले. मी शेपटीचं टोक धरलं आणि एकेक वेटोळं उलगडत गेले. सुमन पेटीत गेली, दोन्ही कुलपं लागली, मी हात धुतले.

"पास ना, बाबा?" मृदुला म्हणाली.

काकांनी क्लिपबोर्डकडे बघितलं. "तसं बघायला गेलं तर, एक मायनर…"

"ओके. मी खोकं आणते," म्हणून ती बाहेर गेली.

मला राग आला. "काका, काय चुकलं माझं?"

"काही नाही."

"मग? सुमन चालली आहे, कळतंय ना तुम्हाला?"

काका दंड चोळत राहिले. "पास झालेला विद्यार्थी परत येत नाही गं. त्यात त्याची चूक नाही, तशीच रीत आहे. कागद हातात पडला की गाडीवरची शिकाऊची एल-प्लेट काढतो, हात हलवतो. मग कधीतरी सिग्नलला दिसला तर हॉर्न वाजवतो." ते पेटीकडे वळले. "तू पास झालीस की महिन्यातून एकदा येशील. दहा मिनिटं शेपटी धरशील. बरोबरच आहे, तुला कामं असतात."

बाहेर डिकी आपटल्याचा आवाज आला. मी आयुष्यभर लोकांच्या अपॉइंटमेंट लावत आले आहे. कुणाला खरंच दुखतंय आणि कुणाला नुसतं बोलायचंय, हे मला टेलिफोनवर कळतं. इथे समोर बसून, पोहे खाऊन कळलं नव्हतं.

"काका, आंघोळ कुठे शिकवलीत?" मी म्हटलं.

"कसली?"

"सुमनची. कात अडकली की कोमट पाण्यात बसवायला लागतं, असं तुम्हीच म्हणालात. ते मला कुठे येतंय?"

काकांनी क्लिपबोर्ड बाजूला ठेवला. "ते सोपं नसतं," ते म्हणाले. "पाणी किती गरम, कुठपर्यंत भरायचं, ओला साप धरायचा कसा. त्याला बरेच रविवार जातील."

मृदुला खोकं घेऊन दारात उभी होती. "सो? काय ठरलं?"

"पास," काका म्हणाले. "पण नुसती गल्लीबोळात चालवण्यापुरती. मोटरवे बाकी आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मी रविवारी येणार आहे," मी म्हटलं.

मृदुलाने आधी माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. आणि खोकं परत डिकीत ठेवून आली. तोपर्यंत काका वर गेले होते. रविवार अजून बराच लांब होता, पण वरून टब घासल्याचा आवाज येत होता.