यमूमावशीचा निकाल

दर वर्षी मॅट्रिकचा निकाल लागला की आमच्या समोरच्या खोलीच्या दारावर एक कागद लागे. "यमुनाबाई. मराठी पास. इतिहास पास. गणित नापास. एकंदर नापास." परीक्षेला बसलेली तीच, तपासणारीही तीच आणि कागद चिकटवणारीही तीच. सदर भागातल्या आमच्या आवारात येणारेजाणारे थांबून वाचत आणि हसत. यमूमावशी मशीनवरून मान वर न करता म्हणे, "नापास झाली. मंग? फाशी देतेत का?"

ती ब्लाउज शिवायची. माहेर खाप्याचं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा वारला, तेव्हापासून एकटी. आमचं नातं काही नव्हतं. सगळं आवारच तिला मावशी म्हणे. परीक्षा सुरू झाली की ती रस्त्यावर उभी राहून केंद्रावरून परतणाऱ्या मुलांना अडवी आणि प्रश्नपत्रिका उतरवून घेई. दुसऱ्या दिवशी मशीन बंद. गजराचं घड्याळ समोर ठेवून नऊ ते बारा पेपर. ब्लाउज न्यायला आलेल्या बायांना दारातूनच उत्तर मिळे, "पेपर चालू हाये. बारा वाजता या." एकदा एक बाई काकुळतीला आल्या, घरी लग्न होतं. "लगन काय, पुढच्या साली बी होते," असं म्हणून तिनं दार लावून घेतलं.

तपासताना ती स्वतःला दयामाया दाखवत नसे. खाडाखोड दिसली की अर्धा मार्क कापी.

मी अकरावीत गेले तेव्हाची गोष्ट. तेव्हा अकरावीलाच मॅट्रिक असे. आमच्या मुलींच्या शाळेत साधं गणित आणि गृहशास्त्र शिकवत. मला सायन्स कॉलेजला जायचं होतं आणि त्यासाठी उच्च गणित लागे. ते शिकवायला शाळेत कुणी नव्हतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "घरी अभ्यास करून बस हवं तर. पण वडिलांची सही आण. गृहशास्त्र घेतलंस तर तुझा पहिला वर्ग पक्का आहे. उच्च गणितात नापास झालीस तर अख्खी मॅट्रिक नापास."

बाबांनी फॉर्म वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "शिकवणार कोण?"

आईचा ब्लाउज द्यायला आलेली यमूमावशी दारातच उभी होती. "कोण म्हंजे? पुस्तक हाये ना, भाऊ."

"आणि नापास झाली तर?"

"मंग? फाशी देतेत का? मी आठ साल झाले नापास होऊन राहिली. दोन टाइम जेवतेच ना?"

आई तोंडाला पदर लावून हसली. बाबा हसले नाहीत. "तुमचं वेगळं आहे, यमुनाबाई. तुमचा निकाल दारावर लागतो. हिचा वर्तमानपत्रात येईल."

यमूमावशीनं ब्लाउज आईच्या हातात ठेवला. ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बाबा चहा पीत असताना पुन्हा हजर.

"फॉर्म भराले महिना हाये ना? मी बी उच्च गणित घेतलं. महिन्यानं मागच्या सालचा पेपर सोडवते. तपासा तुम्ही. मी पास झाली तर सही करा. माझ्यासारख्या अर्धवट शिकल्या बाईले जमलं, तर हिले काहून नाही जमणार?"

"ठरलं," बाबा म्हणाले आणि त्यांनी कप खाली ठेवला.

तो महिना मी तिच्या खोलीत काढला. वही तिला मानवत नसे. बेतायच्या खाकी कागदावर ती शिंप्याच्या खडूनं त्रिकोण काढी. बीजगणित समोर आलं की ती शत्रू घरात शिरल्यासारखी पुस्तकाकडे बघे. "हा क्ष कोण लागून गेला? दर वेळी यालेच काहून शोधाचं?" मी समजावून सांगे, ती भांडे, आणि भांडता भांडता आम्हा दोघींनाही ते येऊ लागे. एके दुपारी वर्तुळाच्या स्पर्शिकेचा विचार डोक्यात असताना कात्री चालली आणि एका बाईंच्या ब्लाउजची एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं आखूड झाली. त्या बाई तावातावानं आल्या. "बाई, एका बाहीत कापड गेलं, पण स्पर्शिका समजली," यमूमावशी म्हणाली आणि तिनं नवं कापड आणून दिलं.

महिना झाला. रविवारी आमच्या घरी, घड्याळ समोर ठेवून, तिनं पेपर सोडवला. बाबांनी पुस्तक शेजारी उघडून तिच्यासमोरच तपासायला घेतला. पहिल्याच पानावर ते थबकले. वर कोपऱ्यात एक नंबर होता.

"हा कुठला?"

"माझा. मॅट्रिकच्या हॉल तिकिटावर होता. पेपर सोमवारी होता, लगन आधीच्या शुक्रवारी लागलं." तिनं पदर सारखा केला. "नंबर तर कोणी परत मागितला नाही ना. म्हून दर पेपरावर टाकते."

बाबांनी त्या नंबरावरून एकदा बोट फिरवलं आणि पुढं तपासायला घेतलं. मग बेरीज झाली. तेहतीस. पासला पस्तीस लागत.

"दोन मार्क कुठं तरी निघतील," बाबा पुटपुटले आणि पान उलटू लागले. यमूमावशीनं त्यांच्या हातून लाल पेन्सिल काढून घेतली.

"दयेचे नको, भाऊ. नापास म्हंजे नापास."

संध्याकाळी तिच्या दारावर कागद लागला: "उच्च गणित, तेहतीस, नापास." बाबा तो वाचून आले, खिशातला फॉर्म काढला आणि सही केली.

मी पास झाले. पुढे सायन्सला गेले आणि आयुष्यभर मुलींना गणित शिकवलं.

यमूमावशी गेली त्याला महिना झाला. तिनं सोडवलेला तो पेपर बाबांच्या फायलीत होता, त्यांच्या मागे माझ्याकडे आला. परवा मी तो शांतपणे पुन्हा तपासला. समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाला पाच मार्क होते. बाबांनी शून्य दिलं होतं, कारण पुस्तकातली सिद्धता तिथं नव्हती. तिनं लिहिलं होतं: "वरच्या टोकातून घडी घाला. एक बाजू दुसरीवर ठेवा. बाजू सारख्या, म्हणून खालची टोकं जुळतात. टोकं जुळली की कोन जुळतात. ब्लाउजची पाठ अशीच बेततात."

मी इतकी वर्षं पेपर तपासले. ही सिद्धता बरोबर आहे. तिच्या नियमानं खाडाखोडीचा अर्धा मार्क कापूनही साडेचार होतात.

काल तिच्या खोलीवर गेले. दाराला कुलूप आहे. दारावर मी एक कागद चिकटवला. वर तिचा नंबर लिहिला, खाली "उच्च गणित, साडेसदतीस, पास." समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अवं, दुसऱ्याच्या दारावर असं काही लावत नसतेत."

मी म्हटलं, "मंग? फाशी देतेत का?"