पूल तुमचाच!

शिंप्याच्या आळीतून दवाखान्याकडे जायला रस्ता एकच, आणि त्यावरचा नाल्याचा पूल नेमका दोन देशांच्या सीमेवर. तो खचला, तेव्हा दोन्ही सरकारांनी मोठ्या मनाने तो एकमेकांना देऊन टाकला. "पूल तुमचाच," हे म्हणालं. "छे छे, तुमचाच," ते म्हणालं. इकडे शिंप्याच्या सुनेचे दिवस भरत आलेले. शेवटी शिंप्याने सीमा-कार्यालय गाठलं.

"साहेब, एवढा वाद मिटवा हो."

"वाद?" साहेबांनी चष्मा पुसला. "आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार वादाला दोन दावे लागतात. दोघांनी एकाच जागेला 'माझी' म्हणायला हवं. इथे दोघंही 'तुझी' म्हणताहेत. इतकं सौजन्य सख्ख्या भावांतही नसतं!"

"मग दुरुस्त कोण करणार?"

"ज्याचा असेल तो."

"आहे कोणाचा?"

"वाद असता, तर ठरवता आलं असतं."

शिंपी हात हलवत घरी आला. बायको म्हणाली, "दावाच हवा ना? मग शिवा की एक! कापड घरचंच आहे."

शिंप्याने पलीकडच्या देशाचा झेंडा शिवला, चांगली दुहेरी शिलाई घालून, आणि पहाटे पुलावर रोवला. आता आपलं सरकार चिडेल आणि चिडून का होईना, पूल बांधेल, असा त्याचा हिशोब. बिचारा!

सरकार चिडलं. नाश्त्याच्या वेळेपर्यंत पूल मातृभूमीचा अविभाज्य भाग झाला. झेंडा बघून पलीकडच्यांनाही गहिवरून आलं. त्यांच्याही काळजाचा तो तुकडा निघाला. दोन्हीकडून फौजा आल्या, तोफा आल्या, वार्ताहर आले. गवंडी तेवढा कोणी आणला नाही.

शिंपी धापा टाकत कार्यालयात पोचला. "साहेब, आता झाला ना वाद?"

"झाला! अगदी नमुनेदार!" साहेबांचा ऊर भरून आला होता. "आता निकाल लागेपर्यंत परिस्थिती जैसे थे. पुलाला वीटसुद्धा लावायची नाही."

त्याच दुपारी सुनेला कळा सुरू झाल्या. तिला खाटेवर घालून नाल्यातून न्यायला निघाले, तर गर्दीने वाट अडवलेली. पुलावर कधी पाटीभर माती न टाकलेली माणसं आता त्याच्यासाठी रक्त सांडायला निघाली होती.

"मध्येच कसली खाट? दिसत नाही, देशाचं काम चाललंय?"

"व्हा बाजूला, मेल्यांनो! पोर जाईल माझी!" शिंप्याची बायको जिवाच्या आकांताने ओरडली. कोणी हललं नाही. बाळ तिथेच, चिखलात जन्मलं.

बाळंतीण कशी आहे, बाळ रडलं का, कोणी विचारलं नाही. अख्ख्या गर्दीचा एकच सवाल, "कोणाच्या हद्दीत जन्मलं?"

नाकं कशाला मुरडता? पहिल्या ओळीपासून तुम्हीही हेच हुडकत होतात, की यातला आपला देश कोणता.