पोत्यात हात घालणारे अकाउंटंट

आमचे साळवे तात्या बिल पास करायच्या आधी शर्टाची बाही वर सारायचे. मग खुर्चीवरून उठून गोदामात जायचे आणि मक्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून उभे राहायचे. वैद्य नाडी बघतो तसे.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्त्यालगत आमचा पशुखाद्याचा कारखाना. तात्या तिथले मुख्य अकाउंटंट. मी कोऱ्हाळ्याची, बी.कॉम. होऊन नुकतीच त्यांच्या हाताखाली लागले होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला संगणकासमोर बसवलंच नाही, थेट गेटवर नेलं. महिनाभर मी पेंडीचे वास घेतले, दातानं मका फोडून पाहिला. आई विचारायची, नोकरी हिशोबाची आहे की हमालीची? आता तात्यांच्या खुर्चीत मी बसते, आणि बिल आलं की माझे पाय आपोआप गोदामाकडे वळतात.

तात्या म्हणायचे, "बिलावर नुसतं 'मका' लिवलेलं असतंय गं. कसला मका, ते बिलाला ठावं न्हाय."

खरेदीवाले त्यांना वैतागायचे. माल स्वस्तात मिळवला म्हणून ते खूश असायचे, आणि तात्या त्यातले खडे, कोंडा, ओल वजा करून तोच माल महाग कसा पडला ते शांतपणे मांडून दाखवायचे. माल तपासणाऱ्यांनाही त्यांचा जाच होताच. नमुना वरच्या पोत्यातला की तळातल्या, हे विचारल्याशिवाय ते अहवालाला हात लावत नसत.

एका पावसाळ्यात मक्याचा ट्रक आला. कागद चोख, ओलाव्याचा अहवालही चोख. तात्यांनी आतली पोती काढायला लावली. हात घातला, तो बराच वेळ बाहेर काढला नाही. मग मला म्हणाले, "तू घाल." आत मका चक्क कोमट लागला. बुरशी धरत होती. तो खाद्यात गेला असता, तर कुणाकुणाच्या गोठ्यातल्या गाई आजारी पडल्या असत्या, कोण जाणे.

तात्यांनी माल परत पाठवायचा शेरा लिहिला. ड्रायव्हर चुळबुळत म्हणाला, मालकांना एकदा फोन तरी करा, जावईच की तुमचे. तेव्हा मला कळलं, माल तात्यांच्या कऱ्हाटी गावातल्या जावयाचा होता. तात्यांना ते सकाळपासून ठाऊक होतं.

जावयानं पुढं चूक कबूल केली, मका वाळवायला पत्र्याची शेडही घातली. पण लेक तात्यांशी बोलेना. तात्यांची बायको वारलेली. लेकीचा रोजचा फोन, एवढंच काय ते त्या घरातलं बोलणं. तेही चार महिने बंद. ऑफिसात तात्यांनी कधी विषय काढला नाही. फक्त संध्याकाळी सगळे निघाले तरी ते फायली चाळत बसायला लागले.

एका रविवारी दुपारी सही घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. सही करून त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या फोनवरनं लाव तिला. शेडमधी पानी येतंय का, ईचार. मी सांगितलं म्हनू नगंस."

मी फोन लावला, शेडचं विचारलं. मग लेक म्हणाली, "तात्यांकडं द्या."

तात्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ते नुसते हुंकार देत होते. शेवटी म्हणाले, "व्हय, व्हय. जेवलो की मगाशीच."

आत ओट्यावर एकट्यापुरता कणकेचा गोळा झाकून ठेवला होता. तवा अजून शेगडीवर चढलाही नव्हता.